वाढीव स्मृती : ‘सर्व्हर डाऊन’च्या पलीकडे

गेल्या दहा-पंधरा वर्षांत मराठीत रुळलेल्या वाक्यांची यादी कोणी केली, तर ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य तिच्यात फार वर असेल. रेशन दुकानातल्या अंगठा घेणाऱ्या यंत्रासमोर, दाखल्यांच्या केंद्रात, बँकेच्या खिडकीवर, शाळेच्या प्रवेशाच्या दिवसांत ते ऐकू येते. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. तेव्हापासून जमिनीचा कागदही कुठल्या तरी दूरच्या यंत्राच्या तब्येतीवर अवलंबून राहिला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला पालघर जिल्हा समुद्रापासून मोखाड्याच्या डोंगरापर्यंत पसरला आहे. जव्हार-मोखाड्याकडून पालघरला कामासाठी आलेला माणूस हे वाक्य ऐकून परत फिरतो, तेव्हा त्याची एका दिवसाची मजुरी बुडालेली असते.

‘डाऊन’ या एका शब्दाखाली अनेक दुखणी झाकली जातात. कधी वीज गेलेली असते, कधी केबल तुटलेली असते, कधी प्रोग्रामच कोसळलेला असतो. एक दुखणे मात्र निराळे आहे : यंत्र चालू आहे, दिवे लुकलुकत आहेत, पण आलेल्या कामाखाली त्याचा श्वास कोंडला आहे. त्यावर नेहमी सुचवला जाणारा उपाय म्हणजे सर्व्हरची स्मृती वाढवणे, नाही तर प्रोसेसर बदलणे. या लेखात तो उपाय नेमका काय असतो, आपल्याकडे त्याची परंपरा काय आहे आणि तो कधी उपयोगी पडतो, कधी फुकट जातो, हे मांडायचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : सर्व्हर वाढवणे हा सुटे भाग विकत घेण्याचा प्रश्न नंतर होतो, आधी तो निदानाचा आणि तोलाचा प्रश्न असतो.

दप्तर आणि टेबल

सर्व्हर हा तत्त्वतः घरातल्या संगणकासारखाच संगणक. फरक इतकाच की तो एका माणसासाठी काम करत नाही. एकाच वेळी शेकडो जणांच्या मागण्या घेतो आणि रात्रंदिवस चालू राहतो. त्याच्यातले तीन भाग आपल्या कामाचे आहेत. प्रोसेसर हिशेब करतो. हार्ड डिस्क किंवा तिच्या जागी आलेली एसएसडी नोंदी कायम जपते. या दोघांच्या मधे असते ती स्मृती, म्हणजे बाजारात ज्याला आपण रॅम म्हणतो ती.

जुन्या तलाठ्याची कचेरी डोळ्यांसमोर आणली, की हे नाते कळते. कपाटातले दप्तर म्हणजे डिस्क. टेबलावर उघडून ठेवलेली रजिस्टरे म्हणजे रॅम. तलाठी म्हणजे प्रोसेसर. टेबल लहान असेल, तर एक रजिस्टर उघडण्यासाठी दुसरे मिटून कपाटात ठेवावे लागते, आणि थोड्या वेळाने तेच पुन्हा काढावे लागते. तलाठी कितीही चपळ असला तरी त्याचा दिवस उठबस करण्यातच जातो.

यंत्रात ही उठबस किती महाग पडते, ते आकड्यांत पाहू. रॅममधून एखादी गोष्ट उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या हार्ड डिस्कवरून आणायला साधारण १० मिलिसेकंद, म्हणजे त्याच्या एक लाख पट. टेबलावरचा कागद उचलायला एक सेकंद लागतो असे धरले, तर कपाटापर्यंतची फेरी सुमारे अठ्ठावीस तासांची होते. एसएसडीने ही फेरी शंभरेक पटींनी कमी केली, तरी पंधरा-वीस मिनिटे उरतातच. स्मृती अपुरी पडली की यंत्र आपणहून टेबलावरचे कागद कपाटात टाकू लागते आणि गरज पडताच परत काढते. बाहेर खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाला त्याचे एकच रूप दिसते : पडद्यावर गोल फिरणारे चक्र.

दहा हजार बाइट

आपल्याकडच्या पहिल्या मोठ्या संगणकापासून स्मृतीचा तुटवडा हाच खरा तुटवडा होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांच्या गटाने एक संगणक रचला. आधी १९५६ मध्ये त्याची लहान प्रायोगिक आवृत्ती चालवून पाहिली आणि १९६० मध्ये पूर्ण यंत्र कामाला लागले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. सुमारे २,७०० निर्वात नलिका असलेल्या त्या यंत्राची स्मृती २,०४८ शब्दांची होती आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा. गुणाकार केला तर ८१,९२० बिट होतात, म्हणजे १०,२४० बाइट. आज देवनागरीतले एकेक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटी स्वतंत्र मोजून, तीन बाइट घेते. म्हणजे टिफ्रॅकच्या स्मृतीत हा पाव लेखही जेमतेम मावला असता.

ती स्मृती फेराइटच्या इवल्याशा कड्यांची होती. प्रत्येक कड्यातून बारीक तारा ओवलेल्या, आणि कडे एका दिशेने चुंबकित झाले की शून्य, उलट दिशेने झाले की एक. या रचनेचा एक गुण आजच्या रॅममध्ये नाही : वीज गेली तरी कडी आपली दिशा विसरत नसत. तिचा दोष असा, की कडे वाचले की त्यातली नोंद पुसली जाई आणि लगेच परत लिहावी लागे.

आजची रॅम आली ती आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांच्या १९६६ मधल्या कल्पनेतून. १९६८ मध्ये तिला पेटंट मिळाले. एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा कण साठवणारा एक सूक्ष्म कपॅसिटर, एवढ्यावर एक बिट. पण हा कपॅसिटर गळक्या माठासारखा आहे. त्यातला भार झिरपून जातो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. वीज गेली की सगळेच विसरले. आपण ज्याला यंत्राची स्मृती म्हणतो, ती खरे तर अखंड उजळणी आहे. स्वस्ताई आणि दाटी या दोन गुणांवर तिने फेराइटची कडी मागे टाकली.

परमचे उदाहरण

वाढवता येण्याजोगे यंत्र म्हणजे काय, याचे महाराष्ट्रातले उत्तम उदाहरण पुण्यात घडले. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिथे १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. त्याचा पाया होता ट्रान्सप्युटर नावाची ब्रिटिश बनावटीची चिप. तिच्यात हिशेबाच्या सोयीबरोबर शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार जोडण्या अंगच्याच होत्या. प्रत्येक चिपला स्वतःची वेगळी स्मृती. अधिक बळ हवे असेल तर आणखी चिपा आणायच्या आणि त्यांचे हात एकमेकांत गुंफायचे. पुढे ‘परम ८६००’मध्ये हिशेबाचे जड काम इंटेलच्या आय८६० प्रोसेसरकडे दिले आणि निरोपांची देवाणघेवाण ट्रान्सप्युटरकडेच ठेवली. जुने फेकून नवे आणण्याऐवजी जुन्याला त्याला साजेसे काम नेमून दिले.

दुसरा दाखला अलीकडचा. सी-डॅकच्याच ‘परम युवा’ची कमाल क्षमता २००८ मध्ये ५४ टेराफ्लॉप होती. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिचे वाढीव रूप ‘परम युवा-२’ कार्यान्वित झाले आणि क्षमता ५२४ टेराफ्लॉपवर गेली. जवळजवळ दहापट वाढ, तीन महिन्यांच्या कामात आणि सोळा कोटी रुपयांत. आधीच्या सुविधेपेक्षा विजेचा वापर सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाला. ती वाढ नव्या प्रोसेसरांच्या जोडीला गणनाचा भार उचलणारे सहप्रोसेसर बसवून साधली होती.

या दोन्ही दाखल्यांत एक गोष्ट समान आहे. वाढ ऐनवेळी सुचलेली नव्हती. पुढे काही जोडायचे आहे हे गृहीत धरून आधीपासून जागा ठेवलेली होती. जी गोष्ट महासंगणकाची, तीच कारखान्याच्या कोपऱ्यातल्या सर्व्हरची.

विरारपुढचे रूळ

आता तोलाकडे वळू. प्रोसेसरचा वेग वर्षानुवर्षे झपाट्याने वाढला. रॅमचा त्या मानाने फार सावकाश. १९९५ मध्ये विल्यम वुल्फ आणि सॅली मॅकी यांनी या वाढत्या दरीला ‘स्मृतीची भिंत’ असे नाव दिले. हिशेब करणारा मोकळा बसलेला आणि कागद येण्याची वाट पाहणारा, असे चित्र त्यांनी आधीच दाखवून ठेवले होते.

पश्चिम रेल्वेने प्रवास करणाऱ्यांना ही भिंत वेगळी समजावून सांगायला नको. बोरिवली ते विरार चार मार्ग आहेत. विरारच्या पुढे वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर करत डहाणू रोडपर्यंतच्या ६४ किलोमीटरांत लोकल, मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या यांनी वर्षानुवर्षे दोनच मार्ग वाटून घेतले. २०१३ मध्ये चर्चगेटची उपनगरी सेवा डहाणूपर्यंत वाढली, पण रूळ तेवढेच होते. म्हणून तर एमयूटीपी-३ मध्ये या टप्प्याचे चौपदरीकरण हाती घ्यावे लागले. बारा डब्यांची गाडी पंधरा डब्यांची केली की एका फेरीत माणसे जास्त मावतात. ताशी किती गाड्या सुटतील हे मात्र रूळ ठरवतात.

सर्व्हरमध्ये डब्यांच्या जागी रॅमच्या पट्टीची क्षमता असते आणि रुळांच्या जागी असतात वाहिन्या, म्हणजे प्रोसेसरपासून रॅमपर्यंत जाणारे स्वतंत्र मार्ग. इंटेलच्या झिऑन ई५ मालिकेतल्या तिसऱ्या व चौथ्या पिढीच्या प्रोसेसरला अशा चार वाहिन्या आहेत. त्यांचे सर्व्हर २०१४ ते २०१७च्या काळात मोठ्या संख्येने विकले गेले आणि आजही असंख्य कचेऱ्यांत चालू आहेत. २,४०० वेगाच्या डीडीआर४ पट्टीची एक वाहिनी सेकंदाला १९.२ गिगाबाइट नेते; चारही चालल्या तर ७६.८. आता ६४ गिगाबाइटची एकच पट्टी बसवली काय किंवा १६ गिगाबाइटच्या चार बसवल्या काय, क्षमतेची बेरीज तीच येते. पहिल्या प्रकारात मात्र तीन मार्ग ओस पडतात. ‘आम्ही रॅम वाढवली तरी फरक पडला नाही’ या तक्रारीमागे अनेकदा एवढेच कारण निघते.

याला जोडून आणखी एक बारकावा. पूर्वी रॅमचे नियंत्रण मदरबोर्डवरची वेगळी चिप करत असे. २००३ मध्ये एएमडीच्या ऑप्टेरॉनने आणि २००८-०९ मध्ये इंटेलने ते नियंत्रण प्रोसेसरच्या पोटात नेले. परिणाम असा, की दोन प्रोसेसरांच्या सर्व्हरमध्ये रॅमचे अर्धे खण एका प्रोसेसरच्या मालकीचे आणि अर्धे दुसऱ्याच्या. दुसरा प्रोसेसर बसवलेलाच नसेल, तर त्याच्या बाजूच्या खणांत घातलेली रॅम यंत्राला दिसतच नाही. दोन्ही प्रोसेसर असतील आणि सगळी रॅम एकाच्याच अंगणात असेल, तर दुसऱ्याला प्रत्येक वेळी शेजाऱ्याचे दार ठोठवावे लागते.

झाकण उघडल्यावर

प्रत्यक्ष काम झाकण उघडण्याच्या बरेच आधी सुरू होते. प्रथम मोजणी. सलग काही दिवस, आणि विशेषतः गर्दीच्या तासांत, यंत्र कुठे अडते ते पाहायचे. लिनक्सवर मोकळी रॅम जवळजवळ शून्य दिसली तरी घाबरू नये, कारण रिकामी जागा ते फायलींच्या प्रती ठेवायला वापरते आणि मागितली की परत देते. टंचाईची खरी खूण म्हणजे रॅम आणि डिस्क यांच्यातली सततची ये-जा. प्रोसेसरचे सगळे कोअर तासन्तास शंभर टक्क्यांवर असतील तर प्रोसेसरचा विचार करायचा. दोन्ही निवांत आणि तरी काम रखडते, तर दोष डिस्कचा, जोडणीचा किंवा प्रोग्रामचा. तिथे कितीही रॅम ओतली तरी पालथ्या घड्यावर पाणी.

त्यानंतर रॅमची निवड. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ संपर्क असतात, पण खाच वेगळ्या जागी असल्याने एक दुसरीच्या खणात बसत नाही. डीडीआर३ला २४० संपर्क. सर्व्हरच्या पट्ट्यांचेही प्रकार असतात आणि साधी, रजिस्टर्ड व भार कमी करणारी या तिन्हींची सरमिसळ चालत नाही. पट्टीवरच्या चिठ्ठीवर ‘२आरएक्स४ पीसी४-२४००टी-आर’ असे काही लिहिलेले असते. त्यातला शेवटचा ‘आर’ म्हणजे रजिस्टर्ड, ‘२४००’ म्हणजे वेग आणि ‘२आर’ म्हणजे चिपांच्या दोन रांगा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या सर्व्हरची रॅम हातात घेऊन बघता येते, पण ही चिठ्ठी वाचता आली तरच त्या बघण्याला अर्थ. वेगवेगळ्या वेगांच्या पट्ट्या एकत्र बसवल्या, तर सगळ्या सर्वांत मंद पट्टीच्या चालीने चालतात.

सर्व्हरच्या रॅममध्ये चुकीची दुरुस्ती करण्याची सोय असते. दर ६४ बिटांमागे ८ बिट तपासणीचे. म्हणून पट्टीवर आठाच्या जागी नऊ चिपा किंवा त्या पटीत. या विद्येचा पाया १९५० मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या रिचर्ड हॅमिंग यांनी घातला. एक बिट उलटला तर तो जागच्या जागी सुधारला जातो, दोन उलटले तर निदान कळते. बिट आपणहून उलटतात, हे अनेकांना खरे वाटत नाही. १९७८ मध्ये इंटेलच्या टिमथी मे आणि मरे वुड्स यांनी दाखवले, की चिपच्या वेष्टनातल्या युरेनियम-थोरियमच्या अत्यल्प अंशातून निघणारे अल्फा कण हे घडवू शकतात. तारापूर अणुवीज केंद्राच्या शेजारी राहणाऱ्यांसाठी हे सांगायला हवे, की त्या कणांचा उगम कुठल्याही अणुभट्टीत नव्हता, चिपच्याच कवचात होता. अंतराळातून येणाऱ्या किरणांचाही यात हात असतो. गूगलच्या हजारो सर्व्हरांचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की वर्षभरात सुमारे आठ टक्के रॅमपट्ट्यांत दुरुस्त होणाऱ्या चुका आढळल्या.

एका बिटाने काय बिघडते? देवनागरी आकड्यांचे युनिकोड क्रमांक पाहावेत. ‘१’ आणि ‘९’ यांच्या संकेतांत फक्त एका बिटाचा फरक आहे. तो एक बिट उलटला, की एक हेक्टरचे नऊ हेक्टर होतात, आणि ‘९’ हा पूर्ण वैध आकडा असल्याने वाचणाऱ्याला शंकाही येत नाही. लोकांच्या नोंदी सांभाळणाऱ्या यंत्रात स्वस्त, साधी रॅम का नको, याचे याहून सोपे उत्तर माझ्याकडे नाही.

बसवण्याची कृती थोडक्यात अशी. आधी पूर्ण बॅकअप आणि तो परत उघडतो का याची खात्री. मग तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांना ठाऊक असलेला शब्द : ‘शटडाऊन’, म्हणजे आधी ठरवून, कळवून घेतलेला बंद. सर्व्हरला बहुधा दोन वीजपुरवठे असतात. दोन्ही वायर काढायच्या. हाताला जमिनीशी जोडलेला पट्टा बांधायचा. अंगावरच्या स्थिर विजेचा झटका माणसाला जाणवायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात, आणि चिप मरायला त्याच्या कितीतरी कमी पुरतात. पट्टी कडांना धरून, खाच जुळवून, दोन्ही टोकांवर सारखा दाब देऊन बसवायची. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या ‘टक’ आवाज करून मिटल्या की बसली.

प्रोसेसर बदलणे अधिक नाजूक. आधी सर्व्हरचे अंतर्गत फर्मवेअर नव्या प्रोसेसरला ओळखेल इतके अद्ययावत करायचे, आणि ते जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. नंतर ते करायला यंत्र सुरूच होत नाही. झिऑन ई५च्या खोबणीत २,०११ बारीक लवचिक टाचण्या असतात. प्रोसेसर तिरपा टेकला किंवा हातातून निसटला, तर त्या वाकतात आणि मदरबोर्ड निकामी होतो. खोबण तीच असल्याने सहा कोअरच्या ई५-२६२० व्ही३च्या जागी चौदा कोअरचा ई५-२६८० व्ही४ बसू शकतो, पण उष्णता ८५ वॅटवरून १२० वॅटवर जाते. दोन प्रोसेसर म्हणजे ७० वॅटची जास्तीची धग. जुना हीट सिंक आणि पंखे ती पेलतील का, हे आधी उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहायचे. प्रोसेसर आणि हीट सिंक यांच्यात मटाराच्या दाण्याएवढी उष्णतावाहक पेस्ट लागते, कारण गुळगुळीत दिसणाऱ्या दोन धातूंमध्येही हवेच्या सूक्ष्म फटी असतात आणि हवा उष्णता नीट वाहून नेत नाही. दोन प्रोसेसर असतील तर दोन्ही एकाच नमुन्याचे. हीट सिंकचे स्क्रू कर्णाच्या क्रमाने, थोडेथोडे आवळायचे. शेवटी रात्रभर रॅमची तपासणी चालवायची आणि मगच यंत्र लोकांसाठी उघडायचे.

खारी हवा, गंधकी हवा

हे सगळे नियम जगभर सारखे; बोईसर-तारापूरला त्यात एक स्थानिक कलम जोडावे लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांसह देशात पहिले होते. त्यात समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. युरोपात जुलै २००६ पासून विद्युत उपकरणांतल्या शिशावर निर्बंध आले, सर्किटच्या पाट्यांवरचा शिसेमिश्रित मुलामा गेला आणि अनेक ठिकाणी चांदीचा आला. गंधकयुक्त वायू चांदी आणि तांबे दोन्ही खातात. म्हणून संगणककक्षाच्या हवेसाठी एक मोजमाप ठरले आहे : तांब्याची पट्टी महिनाभर ठेवली, तर तिच्यावरचा गंज ३०० अँगस्ट्रॉमच्या आत आणि चांदीवरचा २०० च्या आत असावा. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.

व्यवहारात याचा अर्थ असा. इथे रॅम ‘गेली’ असे वाटते, तेव्हा पुष्कळदा ती गेलेली नसते, तिच्या संपर्कांवर थर चढलेला असतो. पट्टी काढून खोडरबराने घासण्याचा रिवाज आहे. त्याने यंत्र सुरू होते खरे, पण घासताना सोन्याचा पातळ मुलामाही झिजतो आणि पुढचा गंज लवकर चढतो. धागे न सुटणारे कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल हा बरा मार्ग. खोलीची खिडकी उघडी ठेवून पंखा लावण्यापेक्षा बंद खोली, वातानुकूलन आणि गाळलेली हवा यांवर केलेला खर्च अनेकदा नव्या रॅमपेक्षा जास्त फळ देतो.

कधी थांबावे

वाढीलाही मर्यादा असते. १९६७ मध्ये जीन ॲमडाल यांनी एक साधा हिशेब मांडला : कामाचा चौथा हिस्सा एकामागून एकच करावा लागत असेल, तर कितीही प्रोसेसर लावा, काम चारपटीहून लवकर होणार नाही. दहा खिडक्या उघडल्या आणि सही करणारा साहेब एकच असला, तर रांग साहेबाच्या दारात लागते. शिवाय काही डेटाबेसांचे परवाने कोअरच्या संख्येवर आकारतात. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरने २०१२च्या आवृत्तीपासून हीच पद्धत धरली. स्वस्तात मिळालेला चौदा कोअरचा प्रोसेसर परवान्याच्या बिलात महाग पडू शकतो. यंत्र इतके जुने असेल की त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्याच येत नाहीत, तर त्यावर पैसे घालू नयेत. मग ते नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले नवे ई-कचरा नियम त्यासाठीच आहेत.

पण थांबण्याची वेळ येण्याआधी पुष्कळ वर्षे वाचवता येतात, आणि त्याची सुरुवात खरेदीच्या दिवशी होते. संस्थेने, ग्रंथालयाने, सहकारी पतपेढीने सर्व्हर घेताना किमतीच्या जोडीला चार प्रश्न विचारावेत. रॅमचे किती खण रिकामे राहतील? सगळ्या वाहिन्या भरल्या आहेत का? दुसऱ्या प्रोसेसरची जागा आहे का? याच खोबणीत पुढच्या पिढीचा प्रोसेसर बसेल का? आज काही हलक्या संगणकांत रॅम मदरबोर्डलाच डाखवून येते. ती वाढवता येत नाही आणि खराब झाली तर सहजी बदलताही येत नाही. सर्व्हरमध्ये अजून ती वेळ आलेली नाही, तोवर या मोकळिकीचा उपयोग करून घ्यावा.

वैतरणा खाडीत, रेल्वेच्या दोन पुलांच्या मध्ये, एक बेट आहे. त्यावरच्या गावाचे नाव वाढीव. ते नाव कशावरून पडले याचा माझ्या विषयाशी संबंध नाही, पण अपग्रेडला मराठीत शब्द शोधताना मला हाच पुरेसा वाटला. वाढीव वीजभार, वाढीव बांधकाम आपण म्हणतोच. वाढीव स्मृतीही म्हणता येईल.

बहुतेक सर्व्हरांच्या झाकणाच्या आतल्या बाजूला खणांचा नकाशा चिकटवलेला असतो : कोणता खण कोणत्या प्रोसेसरचा, कोणता आधी भरायचा. त्याच्या शेजारी एक कोरा कागद लावावा आणि काय बसवले, काय काढले, कोणत्या तारखेला, कोणी, आणि त्याआधी व नंतर मोजणी काय होती, हे लिहीत जावे. जमिनीच्या कागदात आपण त्याला फेरफार म्हणतो. तो नोंदवलेला नसेल तर पुढच्या माणसाला सातबारा वाचता येत नाही. सर्व्हरचेही तसेच आहे.